सात-आठ वर्षांच्या नोकरीनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग: पदवीने नेमके काय बदलते?

अतिदक्षता_पुणे

नमस्कार. पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी स्टाफ नर्स आहे. बारावीनंतर जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) ही पदविका केली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली आणि नोकरीला लागले, त्याला आता सात-आठ वर्षे होत आली. मुलगी पहिलीत आहे. सासूबाई घरी असल्यामुळे रात्रपाळ्या निभावतात. पुढे शिकण्याचा विचार मधूनमधून मनात येई, पण तो आजवर बाजूला ठेवता आला. आता आमच्या मेट्रन मॅडमनी, म्हणजे मुख्य परिचारिकांनी, स्वतःहून दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगविषयी, म्हणजे जी.एन.एम. झालेल्यांसाठीच्या पदवीविषयी, विचारले आहे आणि हो की नाही हे लवकरच सांगायचे आहे.

पगार किती वाढेल हा प्रश्न मलाही आहेच. दोन वर्षांचे उत्पन्न बुडणार आणि वर शुल्क भरायचे म्हटल्यावर तो घरातल्या सगळ्यांनाच आहे. पण मला त्याहून अधिक टोचणारी गोष्ट निराळी आहे. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, इनोट्रोप (हृदयाला जोर देणारे औषध) चालू असलेला रुग्ण, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र, हे सगळे मी सांभाळते. मॉनिटर वाजण्याआधीच रुग्ण बिघडतो आहे हे मला कळते, असे माझ्याबरोबरच्या सिस्टरही म्हणतात. मात्र राउंडच्या वेळी वरिष्ठ डॉक्टर ‘असे का वाटते तुम्हाला?’ असे विचारतात, तेव्हा ‘पेशंट ठीक वाटत नाही, सर’ यापुढे माझे वाक्य जात नाही. आमच्याच विभागातली बी.एस्सी. झालेली एक मुलगी अनुभवाने माझ्याहून पुष्कळ लहान आहे, पण तीच गोष्ट ती चार वाक्यांत मांडते आणि तिच्या बोलण्यावर लगेच हालचाल होते. तिच्याविषयी माझ्या मनात आकस नाही, उलट कौतुकच आहे. मला एवढेच कळून घ्यायचे आहे की हे तिला पदवीच्या अभ्यासाने आले, की तो तिचा स्वभावच आहे?

नोकरीनंतर ज्यांनी ही पदवी घेतली किंवा जे हा अभ्यासक्रम शिकवतात, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे. विचार करण्याची पद्धत खरोखर बदलते का, की बढतीच्या अर्जाला जोडायला एक कागद मिळतो, एवढेच? आणि माणूस म्हणून तुमच्यात काही फरक पडला का?

परिचर्या_शिक्षिका

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण प्रवेशाच्या वेळी आमच्याकडे येणारे बहुतेक जण शुल्क, हजेरी आणि वसतिगृह यांच्यापलीकडे काही विचारत नाहीत. मी पुण्यातच एका परिचर्या महाविद्यालयात शिकवते आणि पोस्ट बेसिकच्या विद्यार्थ्यांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा हे सांगते की तुमचे वाक्य अडते याचा अर्थ तुमचे ज्ञान अडते, असा मुळीच नाही. अमेरिकन परिचर्या-संशोधक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या कौशल्यवाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या: नवखी, पुढारलेली नवखी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. त्यांच्या मांडणीतला महत्त्वाचा मुद्दा असा की नवखी परिचारिका नियम धरून चालते, तर वरच्या पायऱ्यांवरची परिचारिका समोरची परिस्थिती एकदम, संपूर्ण अशी पाहते. म्हणूनच ‘हे तुला कसे कळले?’ या प्रश्नाचे उत्तर देणे अनुभवी परिचारिकेलाच अधिक जड जाते. तुमच्या ‘ठीक वाटत नाही’ या तीन शब्दांत कितीतरी निरीक्षणे गोळा झालेली असतात. पदवीचा अभ्यास तुम्हाला ती निरीक्षणे सुटी करायला लावतो.

हे कसे होते ते एका उदाहरणाने सांगते. समजा, साठ किलो वजनाचा रुग्ण आहे. त्याचा रक्तदाब अजून ठीक आहे, पण श्वासाचा वेग मिनिटाला १८ वरून २६ वर गेला आहे, बोटे गार लागत आहेत, तो चादरीशी चाळा करतो आहे आणि गेल्या दोन तासांत लघवीच्या पिशवीत नेहमीपेक्षा कमी भर पडली आहे. तुम्ही हे सगळे पाहता आणि अस्वस्थ होता. अभ्यासक्रमात आम्ही विचारतो की रक्तदाब ठीक असताना श्वास का वाढला? ऊतींना प्राणवायू कमी पडू लागला की रक्तातील आम्लता वाढते, ती बाहेर टाकण्यासाठी शरीर श्वास वाढवते. हृदयाचे ठोके वाढतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बोटे गार पडतात. याच धडपडीमुळे रक्तदाबाचा आकडा बराच वेळ टिकून राहतो आणि तो उतरतो तेव्हा उशीर झालेला असतो. लघवी तासाला दर किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे या रुग्णात तीस मिलिलिटरच्या खाली गेली, तर मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचत असल्याची शंका घ्यायची. ही साखळी एकदा मनात पक्की बसली की डॉक्टरांना सांगण्याचे वाक्य आपोआप तयार होते, आणि त्या वाक्यावर ‘का?’ असे विचारले तरी गडबडायला होत नाही.

यासाठी जे साधन वापरतात त्याला आपण परिचर्या प्रक्रिया म्हणतो. रुग्णाची पाहणी, परिचर्येच्या दृष्टीने निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन असे तिचे पाच टप्पे आहेत. जी.एन.एम.मध्येही तुम्ही केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचे आराखडे, लिहिले असतीलच, पण त्या वयात ते वही पूर्ण करण्यासाठी लिहिले जातात. सात-आठ वर्षे रुग्ण पाहिल्यावर तोच केअर प्लॅन लिहायला बसलेली परिचारिका प्रत्येक ओळीशी भांडते. ‘स्थिती बदलत राहावी’ असे पुस्तकात आहे, पण या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले तर रक्तदाब पडतो, मग काय करायचे? असा प्रश्न वर्गात आला की त्या दिवशीचा तास सार्थकी लागतो. चार वर्षांच्या बी.एस्सी.च्या मुली हुशार असतात, पण असे प्रश्न त्यांच्याकडून सहसा येत नाहीत. तुमच्या विभागातल्या त्या मुलीला चार वाक्ये अभ्यासाने आली आहेत, याविषयी मला शंका नाही. स्वभावाचा भाग थोडा असेलही.

पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, पोषण, मानसशास्त्र, माता व बाल परिचर्या, औषधी-शल्य परिचर्या हे विषय असतात. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, आणि परिचर्येतील अध्यापन, प्रशासन व संशोधन यांची ओळख. अतिदक्षता विभागातून आलेल्या विद्यार्थिनींना मी नेहमी सांगते की तुमची खरी परीक्षा सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तीतल्या प्रत्यक्ष कामात, आहे. तिथे मॉनिटर नसतो, सेंट्रल ऑक्सिजन नसतो आणि हाताखाली कोणी नसते.

पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीतली एक गृहभेट सांगते. बाळंतीण दहा बाय दहाच्या खोलीत, बाळ आठवड्याचे. विद्यार्थिनीने आधी वर्तमानपत्र अंथरले, त्यावर पिशवी ठेवली, पिशवीतून साबण आणि टॉवेल काढून बाहेरच्या नळावर हात धुतले आणि मगच पिशवीचा आतला कप्पा उघडला. हा क्रम आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. तिने बाळाला झोळीत घालून काट्याला लावले, वजन नोंदवले, नाळेची जागा पाहिली आणि स्तनपानाविषयी बोलू लागली. बाळंतीण मान हलवत होती. थोड्या वेळाने विद्यार्थिनी बोलायची थांबली आणि म्हणाली, ‘तुम्ही जेवलात का?’ त्यावर सासू कोपऱ्यातून उठली आणि घरात कोण कधी जेवते, बाळंतिणीच्या ताटात काय पडते आणि काय पडत नाही, हे सगळे तासभर ऐकायला मिळाले. ती विद्यार्थिनी एका नामांकित रुग्णालयाच्या हृदयशल्य अतिदक्षता विभागात पुष्कळ वर्षे काम करून आलेली होती. परतताना वाटेत ती मला म्हणाली की डिस्चार्जच्या वेळी आपण नातेवाईकांना जो आहाराचा कागद देतो, तो कोणत्या घरात जातो हे मला आज प्रथम दिसले.

संशोधनाच्या आधारे बोलायचे तर २०१४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातील नऊ देशांतील तीनशे रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण त्यात होते. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल तेथे दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात असेही दिसले की एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ती शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. दोन्ही निष्कर्ष जोडीनेच वाचायला हवेत. पदवीधर परिचारिका नेमायची आणि तिच्यावर दुप्पट रुग्ण टाकायचे, असे केल्यास हिशेब जिथल्या तिथे राहतो.

सेवानिवृत्त_परिसेविका

शिक्षिका मॅडमनी अभ्यासाविषयी उत्तम लिहिले आहे. मी शासकीय सेवेत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले आणि परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. मी व्यवहाराची बाजू सांगते, कारण घरातल्यांना तीच आधी पटवावी लागते.

शासकीय सेवेत अधिपरिचारिकेच्या पदासाठी जी.एन.एम. आणि बी.एस्सी. दोघीही पात्र असतात. सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्रात या पदाची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. केंद्राच्या एम्ससारख्या संस्थांत हेच पद नर्सिंग ऑफिसर या नावाने आहे आणि तिथे सुरुवात ४४,९०० रुपयांपासून होते. त्या परीक्षेला जी.एन.एम. उमेदवारांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो, पदवीधरांना ती अट नाही. वयोमर्यादेकडे मात्र लक्ष ठेवा. पुष्कळ मुली पदवी हाती आल्यावर जाहिरात बघतात आणि तोवर वय उलटून गेलेले असते.

खासगी रुग्णालयांचा अनुभव एकसारखा नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी परिचारिकांना राज्य शासनाच्या बरोबरीचे वेतन द्यावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते वीस हजारांच्या खाली नसावे. आपल्या शहरात त्या शिफारशी कुठे कितपत पाळल्या जातात हे तुम्ही नोकरीत आहात, तुम्हाला ठाऊक आहेच. मला याचा मनापासून राग येतो. जी मुलगी रात्री दोन वाजता रुग्णाची वाफ, सक्शन आणि औषधे एकटीने सांभाळते, तिचा पगार वाढवायचा म्हटले की व्यवस्थापनाला खर्च आठवतो आणि मान्यतेच्या तपासणीत मात्र पदवीधर परिचारिकांचा आकडा ठळकपणे दाखवला जातो.

म्हणून माझा आग्रह असा की मेट्रन मॅडमनी सुचवले आहे, तर त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. दोन वर्षांची रजा बिनपगारी आहे की काही भाग मिळणार आहे, परत आल्यावर सेवाज्येष्ठता मोजली जाणार की नव्याने सुरुवात, आणि पदवीनंतर पदनाम व वेतन काय असेल. रुग्णालय शुल्क भरणार असेल तर त्याबदल्यात किती वर्षांचा बॉण्ड लिहून घेतात, तेही पाहा. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात ठेवू नका.

पदवीने जी दारे उघडतात, ती अशी. परिचर्या शाळेत पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर) होता येते. पोस्ट बेसिकमध्ये ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव असेल तर एम.एस्सी. करता येते आणि मग महाविद्यालयात अध्यापन किंवा अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या, पदाच्या दिशेने जाता येते. तुमचा अनुभव अतिदक्षतेचा आहे, तेव्हा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी स्वरूपाचा अभ्यासक्रमही तुमच्यासाठी आहे, पण त्याला बी.एस्सी. लागते. नुसत्या जी.एन.एम.वर हे रस्ते बंद राहतात.

नियमही बदलत आहेत. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने संमत केला आहे. कायदे बदलत्या काळात ज्याच्या हाती पदवी आहे त्याची गैरसोय कमी होते, हे मी इतर पेशांतही पाहिले आहे.

आणखी एक सांगते. आपले शहर साथींचे जुने जाणकार आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. २०२० साली करोनाचे राज्यातील पहिले रुग्ण मार्चमध्ये पुण्यातच आढळले आणि त्यांना नायडू रुग्णालयात ठेवले होते. त्या दिवसांत संरक्षक पोशाख कसा चढवायचा हे सर्वांना लवकर जमले, पण तो काढण्याचा क्रम, म्हणजे सर्वांत दूषित हातमोजे आधी आणि मास्क सर्वांत शेवटी, हा का पाळायचा हे समजावून सांगणाऱ्या परिचारिका थोड्या होत्या. ज्यांनी सूक्ष्मजीवशास्त्र मन लावून केले होते त्या पुढे आल्या, आणि वयाने मोठ्या सिस्टरही त्यांच्यासमोर विद्यार्थिनींसारख्या उभ्या राहिल्या. पदाने न मिळणारा मान मी तेव्हा पाहिला.

ब्रदर_पिंपरी

मी नोकरी करून नंतर पोस्ट बेसिक केलेला पुरुष परिचारक आहे. वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण त्रासाची बाजूही समोर यावी म्हणून लिहितो.

पहिले सहा महिने कठीण जातात. कमावत्या माणसाने पुन्हा बाकावर बसणे, हजेरीसाठी नाव पुकारले की ‘प्रेझेंट’ म्हणणे, आपल्याहून लहान वयाच्या शिक्षकांकडून वही तपासून घेणे, याची सवय व्हावी लागते. माझे शिक्षण मराठी माध्यमातले. पाठ्यपुस्तके, उत्तरपत्रिका, केअर प्लॅन सगळे इंग्रजीत. त्यामुळे मी सुरुवातीला प्रत्येक प्रकरण आधी मराठीत समजून घेऊन वहीच्या डाव्या पानावर मराठीत लिहीत असे आणि उजव्या पानावर परीक्षेची भाषा. हा खटाटोप वेळखाऊ आहे, पण ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांनी अवश्य करावा. विषय मराठीत कळला की इंग्रजीतले उत्तर घोकावे लागत नाही.

महाविद्यालय निवडताना चकचकीत इमारत पाहू नका. त्यांचे स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालय किती खाटांचे आहे, विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात शिक्षक थांबतात का, ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते का, हे तिथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा. काही ठिकाणी अनुभवी विद्यार्थी आले की त्यांना वॉर्डातले रिकामे हात समजून कामाला जुंपतात आणि शिकवणे राहून जाते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आहे की अभिमत विद्यापीठाचे, त्यानुसार परीक्षा आणि शुल्क यांत फरक पडतो, तेही बघून घ्या.

आता माझ्यात काय बदलले ते सांगतो. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो. आमच्या गटाने सलाईनसाठी शिरेत लावलेल्या इन्ट्राकॅथच्या (बारीक नळीच्या) जागी येणारी सूज हा विषय घेतला. तसे पाहिले तर ही रोजची गोष्ट. हात सुजला, लाल झाला, इन्ट्राकॅथ काढली, दुसऱ्या हाताला लावली, झाले. पण त्यासाठी शून्य ते पाच अशी गुण देण्याची पद्धत आहे, हे मला तेव्हा कळले. जागा निरोगी असेल तर शून्य. किंचित दुखणे किंवा किंचित लाली असेल तर एक. दुखणे, लाली, सूज यांपैकी दोन दिसू लागली तर दोन, आणि दोनला इन्ट्राकॅथ काढायचीच. आम्ही दर पाळीला प्रत्येक रुग्णाचा हात उजेडात धरून पाहू लागलो. पारदर्शक पट्टीवर लावल्याची तारीख आणि वेळ लिहू लागलो. थोड्याच दिवसांत दिसले की सूज सगळीकडे सारखी येत नाही. मनगटाच्या घडीजवळ लावलेल्या ठिकाणी आणि पोटॅशियम चालू असलेल्या रुग्णांत ती अधिक दिसत होती. आमचा नमुना लहान होता, त्यातून जगाला सांगण्यासारखा निष्कर्ष निघत नाही, हेही संशोधनाच्या त्याच तासांत शिकलो. पण जी गोष्ट आपण नशिबाची म्हणून सोडून देत होतो ती मोजता येते आणि मोजली की कमी करता येते, ही जाणीव माझ्यासाठी अगदी नवी होती. आज कोणतीही तक्रार वॉर्डात पुन्हापुन्हा दिसली की मी आधी वही काढतो.

फोनवर बोलणेही बदलले. निवासी डॉक्टरांना रात्री फोन करताना चार पायऱ्या धरतो: आत्ता काय घडते आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, माझ्या पाहणीत काय आढळले, आणि तुमच्याकडून मला काय हवे आहे. पूर्वी मी शेवटची पायरी गाळत असे, कारण डॉक्टरांना ‘तुम्ही या’ असे सांगणे आगाऊपणाचे वाटायचे. आता ‘सर, आपण दहा मिनिटांत येऊन पाहावे असे मला वाटते’ हे वाक्य मी शांतपणे म्हणतो. ताई, तुम्ही ज्या मुलीविषयी लिहिले आहे, ती बहुधा हीच रीत वापरत असेल. ती शिकायला पदवीची वाट पाहण्याची गरज नाही, उद्याच्या पाळीपासून सुरू करता येईल.

घरच्यांविषयी एक वाक्य. माझ्या वडिलांना मुलगा नर्सिंग करतो हे सांगताना संकोच वाटायचा. पदवीदानाचा झगा घातलेला फोटो त्यांनी स्वतः बाजारात नेऊन मोठा करून आणला.

दुसरी_बाजू

माझे मत जरा वेगळे आहे. प्रत्येकीने पदवी घेतलीच पाहिजे असे दडपण आणू नये. ज्यांना अतिदक्षतेतच राहायचे आहे, शिकवायचे नाही, प्रशासनात जायचे नाही, त्यांच्यासाठी क्रिटिकल केअर नर्सिंगची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका अधिक उपयोगी ठरू शकते. त्यात तुमच्याच विभागाचे सखोल शिक्षण मिळते आणि एक वर्ष वाचते. लहान मूल आहे, सासूबाईंचेही वय होत जाणार, तेव्हा दोन वर्षे म्हणजे थोडा काळ नव्हे.

परिचर्या_शिक्षिका

@दुसरी_बाजू, पदविका चांगलीच आहे आणि तुमचा मुद्दा रास्त आहे. फक्त त्या पदविकेने एम.एस्सी.चा किंवा नर्स प्रॅक्टिशनरचा मार्ग खुला होत नाही, एवढे लक्षात घेऊन निवड करावी. ताईंच्या प्रश्नात मला विभागाबाहेर पाहण्याची ओढ दिसली, म्हणून मी पदवीच्या बाजूने झुकते आहे. मुलीचे शाळेचे पहिले काही दिवस आणि पहिल्या सहामाहीची परीक्षा एकाच वेळी येणार नाहीत, याची आधीच आखणी करा आणि घरात कोणते काम कोणी करायचे हे प्रवेशापूर्वीच बोलून ठेवा. ज्या विद्यार्थिनी मधूनच अभ्यास सोडतात, त्यांच्या बाबतीत अडचण बहुधा बुद्धीची नसते, घरात हे बोलणे झालेले नसते.

अतिदक्षता_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. ब्रदरनी सांगितलेल्या चार पायऱ्या कालच्या रात्रपाळीत एका रुग्णाच्या बाबतीत वापरल्या. फोन करण्याआधी कागदावर चार ओळी लिहून घेतल्या आणि शेवटची ओळ वाचताना आवाज थोडा कापला, पण डॉक्टर आले. परिसेविका मॅडमनी सांगितलेल्या तीन गोष्टी मेट्रन मॅडमना लेखी विचारणार आहे. यजमानांशी बोलणे झाले. शुल्काचे जमले तर माझी तयारी आहे.

एक शंका राहिली आहे. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगची मला भीती वाटते. अतिदक्षतेत बहुतेक रुग्ण बोलत नाहीत. जिथे सगळे काम बोलण्याचेच आहे तिथे माझ्यासारखीने काय करायचे?

परिचर्या_शिक्षिका

ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते. पुण्यातील परिचर्येचे विद्यार्थी या पोस्टिंगसाठी येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जातात. तिथे तुम्हाला प्रोसेस रेकॉर्डिंग लिहावे लागेल. एका रुग्णाशी थोडा वेळ बोलायचे आणि नंतर तो संवाद शब्दशः लिहायचा. एका रकान्यात रुग्ण काय म्हणाला, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात त्या क्षणी मला काय वाटले, चौथ्यात माझे उत्तर कोणत्या प्रकारचे होते. बहुतेकींना तिसरा रकाना भरताना अडचण येते, कारण ड्युटीवर स्वतःला काय वाटते हे नोंदवायला आपल्याला कोणी कधी सांगितलेलेच नसते. अनुभवी परिचारिकांच्या वह्यांत एक गोष्ट हमखास आढळते. रुग्ण गप्प झाला की त्या लगेच धीर देतात, ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ असे म्हणतात आणि संवाद तिथेच संपतो. गप्प बसून थांबणे हेही परिचर्येचे काम आहे, हे त्या वह्यांवर चर्चा करताना हळूहळू अंगवळणी पडते. तुम्ही बेशुद्ध रुग्णालाही कुशीवर वळवताना ‘आता वळवते हं’ असे सांगत असणार. ज्यांना ही सवय आहे, त्यांना येरवड्यात फार दिवस परके वाटत नाही.

एक व्यावहारिक सूचना: संवाद झाल्यावर वही तिथेच, बाहेरच्या बाकावर बसून भरा. घरी जाऊन लिहू म्हटले की आपले शब्द आपोआप सुधारले जातात आणि मग तपासण्यासारखे त्यात काही उरत नाही.